चूक आमची, चोर तो



वडिलांची हिरो होंडा सीडी 100 आमच्या पडवीत बरीच वर्षं उभी होती. तारापूर एमआयडीसीतल्या पाळ्या त्यांनी तिच्यावरच केल्या. बोईसरची हवा गाड्यांना मानवत नाही. एकीकडे समुद्राचा खार, दुसरीकडे कारखान्यांचा धूर. टाकी आतून गंजली होती, इंजिन जाम. भंगारवाला वजनावर मागत होता. आम्ही दिली नाही.

एका गॅरेजातल्या वारली पोरानं ती उघडली. शाळा नववीत सुटलेली. बोअर पार खाल्लेला होता. "दादा, स्प्लेंडरचं इंजिन टाकू. दोन्ही 97.2 सीसी, दोन्हीचा सिलिंडर आडवा." कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून इंजिन आणलं. क्लच प्लेटा आणि टायमिंग चेन नवी घातली, वायरिंग त्यानं नव्यानं ओढलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून तो टॅपेटचा आवाज ऐकायचा. आम्ही समाजशास्त्रात एमए, श्रम या विषयावर पेपर लिहिलेले. आम्हाला सगळे आवाज सारखेच वाटले.

ट्रायलला निघालो तेव्हा तो पुढे, आम्ही मागे. नाकाबंदीत अडवलं. आरसी बुकातला इंजिन नंबर जुळेना. त्याला आधी आडनाव विचारलं, मग "कुठून उचललंस?" आमचं ओळखपत्र दिसताच आम्ही मात्र 'सर' झालो. गाडी आमची, चूक आमची, आणि चोर तो.

चूक होतीच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं तरी आरटीओची परवानगी आणि नव्या नंबरची नोंद लागते. सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये या कलमावर पुन्हा बोट ठेवलं. आम्ही परवानगी घेतली नव्हती. इंजिनाचं बिलही मागितलं नव्हतं, स्वस्तात मिळालं म्हणून.

कुणी म्हणेल, कायद्याचं राज्य आपणच मागतो, मग तक्रार कशाची? तक्रार कायद्याची नाहीच. कायदा मालकाला जबाबदार धरतो. चौकशी मात्र ज्याचे हात काळे त्याची होते. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. आम्ही ते शिबिरांत कितीदा सांगितलंय! त्या दिवशी त्या विभागणीत आम्ही वरच्या बाजूला उभे होतो, आणि 'सर' ऐकून क्षणभर बरंही वाटलं.

या कामाला 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवणारेही आम्हाला नकोत. जुगाड म्हटलं की पोराचा पगारही जुगाडाचाच राहतो. त्याला ट्रेडचं प्रमाणपत्र हवं, आणि मोटार मेकॅनिकच्या आयटीआयला दहावी लागते.

आता इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद मिळवलेत, आरटीओत अर्ज दिलाय. उत्तर येईपर्यंत गाडी पडवीतच. पोरानं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. रविवारी गणिताला येतो. बीजगणित जमतं, भूमितीला कंटाळतो, मग उठून गाडीला किक मारतो आणि आम्हाला विचारतो, "दादा, आता कुठला टॅपेट वाजतोय सांगा."