काचीगुडा, सकाळचे आठ

आमचा बोका मन्या कालपासून जेवलेला नाही. सुकटीच्या वासालाही मान वळवली नाही. आई म्हणते, उन्हाळा आहे, एक दिवस वाट बघ. मीही थांबले असते. पण मांजर दुखणं लपवतं, हेच भीतीचं. तो झोपला असताना घड्याळ लावून श्वास मोजले: मिनिटाला 28. तिशीच्या आत, म्हणजे ठीक. हिरड्या गुलाबी. घरात पॅरासिटामॉल होती, पण ती मांजराला विष. पाकीट कपाटात वर ठेवून दिलं.

मग तो मातीच्या टबात गेला. बसला, कण्हला, उठला, पुन्हा बसला. मी माती चाळून पाहिली. कोरडीठाक! बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. ती तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एकदोन दिवसांत हृदय थांबू शकतं. आता वाट बघायची नाही.

टोपलीत जुनं लुगडं अंथरलं, वर ओढणी बांधली. नारायणगुड्याचा सरकारी जनावरांचा दवाखाना जवळच आहे. रिक्षावाल्याला सांगितलं, ‘भैया, जल्दी चलो, पर गड्ढों में जरा हल्लू.’

ओढणीखालून एक पंजा बाहेर आला. तो हातात धरून बसलेय.