ठिणगीची वेळ

आमच्या घराण्यात वेळेआधी पोहोचणारा माणूस वडिलांबरोबर संपला. साडेदहाच्या एसटीसाठी ते साडेनऊला स्टँडवर हजर असत. मी मात्र दुपारी मॅनेजरसाहेबांना द्यायचं खमंग उत्तर रात्री जेवताना सुचणाऱ्यांपैकी. अशा माणसाकडं वडिलांमागं त्यांची प्रीमियर पद्मिनी आली, आणि तिचं 'टायमिंग' सांभाळायचं कामही!

गाडी तशी आमच्या शेजारगावचीच लेक. ती बनवणारी कंपनी ज्यांनी काढली ते वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. त्याच साली आमचा उस्मानाबाद जिल्हा कागदोपत्री धाराशिव झाला. आमची गाडी मात्र दोन्ही नावांवर सारखाच धूर सोडत राहिली.

पेट्रोल परवडेना म्हणून मी तिला गॅसचं किट बसवलं. बी.कॉम. असल्यामुळं बचतीचा हिशेब तोंडीच केला. पण सोलापूरहून आईला घेऊन येताना तुळजापूरच्या घाटात हिशेब चुकला. गाडी तापली, धापा टाकू लागली आणि उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. आई मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांच्या हातात अशी नव्हती रे करत."

दुसऱ्या दिवशी गाडी उस्तादांच्या गॅरेजात.

"साहेब, पिस्टन वर पोचल्यावर ठिणगी पडून काय उपयोग? जरा आधी पडायला पाहिजे. पेटायला वेळ लागतो ना! आणि गॅस पेटतो सावकाश. त्याला आणखी आधी पाहिजे."

"मग चांगली भरपूर आधी टाका की!"

"मग पिस्टन वर चढतोय तोवरच त्याच्या डोक्यात दणका. खटखट वाजते. इंजिन जातं कामातून."

त्यांनी पुलीवरची खूण जुळवली, एक छोटा बल्ब जोडला, डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल केला आणि तो केसभर फिरवला. पॉइंट उघडला की बल्ब पेटे. तोच ठिणगीचा क्षण. चार सिलिंडरांत ठिणगी पडते एक-तीन-चार-दोन अशी. आमच्या काउंटरवर असे टोकन पुकारले तर गिऱ्हाइकं खिडकी फोडतील.

"स्टार्ट पेट्रोलवर करता ना? मग दोघांच्या मधे ठेवतो. दोघंही जरा कुरकुरतील, पण नांदतील."

घरी येताना माझ्या डोक्यात भलतंच फिरायला लागलं. याच गाडीवर बाबांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं. मी ती शेजाऱ्यांच्या भिंतीवर घातली, तरी ओरडले नाहीत. भिंत स्वतःच्या पैशानं बांधून दिली. "बाबा, तुम्ही फार सांभाळून घेतलंत," हे वाक्य मला सुचलं ते दहाव्याला, कावळ्याची वाट बघत बसलो असताना. पिस्टन केव्हाच खाली गेला होता.

पुढच्या मंगळवारी आईला मागं बसवलं, घाट उतरलो आणि वळून पुन्हा चढायला लागलो. गाडी तिसऱ्या गिअरवर गुणगुणत निघाली. उसाचे दोन ट्रॅक्टर मागं पडले. आई देवळाच्या दिशेनं हात जोडत होती. काहीतरी विचारावं की नको, असा तिचा चेहरा आरशात दिसला.

"आई," मी तिनं तोंड उघडायच्या आत म्हणालो, "आता दर महिन्याला येत जाऊ देवीला. आपण दोघंच."

मागच्या सीटवर बराच वेळ शांतता होती. खटखट मुळीच नाही.