कुटाचा डबा

चिंचवड

चि. सोनूस,


तुझ्या लेकाच्या तिकडच्या परदेशातल्या शाळेची चिठ्ठी ताईने मला फोनवर वाचून दाखवली. डब्यात शेंगदाण्याचं काहीही देऊ नका, वर्गातल्या एका मुलाला त्रास होतो. त्यात हुज्जत घालण्यासारखं काही नाही. ज्याला दाणा बाधतो त्याच्या जिवावर बेतू शकतं. पण तू पुढे विचारलंस, ‘मामा, आपण सगळ्यात दाणे का घालतो? वगळून डबा करायला बसले तर साधी काकडीची कोशिंबीर सुचेना.’ सगळा जन्म किराणा दुकानात गेलेल्या माणसाला हे विचारलंस, आता वाच.

पहिलं कारण नारळ. कोकणात वाटण नारळाचं. इथे घाटावर नारळ विकत घ्यायचा, तो बहुतेक देवापुढे फोडायला. मग भाजीचा रस्सा मिळून यायचा कशाने? कुटाने. शेंग हलक्या जमिनीत, पावसाच्या भरवशावर येते, पाला जनावरांना होतो, तेल काढल्यावर उरलेली पेंडही त्यांनाच. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात हे आपल्या आज्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण भाकरी, ठेचा आणि मूठभर दाणे खाऊन माणूस दुपारपर्यंत औत हाकतो एवढं त्यांना दिसत होतं.

हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने बाहेरची वाणं आणून वाढवली, त्यात एक ‘स्पॅनिश’ होतं. पुण्याच्या मार्केट यार्डात आजही दाण्याचे भाव तसेच पुकारतात: स्पॅनिश, जाडा, घुंगरू. घुंगरू म्हणजे बारीक दाणा. कुटाला चालतो आणि खिशालाही. गंमत बघ, चाकणच्या बाजारात कांद्याच्या बरोबरीने बटाटा, हिरवी मिरची आणि भुईमुगाच्या शेंगा येतात. यातल्या कांद्याला उपासाला मज्जाव, आणि बाकीचे तिन्ही पाहुणे अमेरिका खंडातून आलेले. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिकडचाच. म्हणजे आपली अख्खी एकादशी समुद्रापलीकडून आलेली! तरी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला यायची तेव्हा माझ्या दुकानात दाण्याचं पोतं उघडलं की उभ्याउभ्या संपायचं. श्रावण आणि नवरात्रात तेच.

पण पिंपरी-चिंचवडची गोष्ट निराळी आहे, आणि ती मी काउंटरच्या आतून पाहिली. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज. जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं आली, आणि येताना आपापला दाणा घेऊन आली. सोलापूरकराला चटणीसाठी जाड दाणा हवा. तो उखळात कुटून तेल सुटेपर्यंत लाल तिखटात घोळायचा, मिक्सरची चटणी त्याला भुकटी वाटायची. जळगावकडचा माणूस वांग्याच्या भरितात अख्खे दाणे घालणार. सातारा-कोल्हापूरकडच्या बायका भाजक्या दाण्यांचा ठेचा करायच्या. पुण्याच्या जुन्या घरांत दाणे अळूच्या भाजीत आणि गोडसर आमटीत. उत्तरेकडची मुलं आली ती मात्र दाणा फक्त थंडीत, भाजून, कागदाच्या पुडीत खाणारी. भाजीत दाणे पाहून त्यातला एक जण मला म्हणाला होता, ‘चाचा, ये तो टाइमपास है, इसकी सब्ज़ी कौन बनाता है?’ पुढे त्याचीच बायको महिन्याच्या यादीत दोन किलो घुंगरू लिहायला लागली.

खानावळींनी हे सगळं एका पातेल्यात आणलं. रोज शेकडो डबे भरायचे, तर भाजी वाढवायला कुटासारखं स्वस्त दुसरं काय? म्हणून आपल्याकडच्या कामगाराच्या डब्यात वांगं असो, दोडका असो, चव पहिल्यांदा कुटाची लागते. ही चव मला फारशी आवडत नाही, खरं सांगतो. बेताने घातलेलं कूट भाजीला धरून ठेवतं. ओंजळीने घातलं की भाजी कुठली ते कळत नाही.

याच काळात दाण्याचं तेल मात्र हातातून गेलं. पूर्वी तेल म्हणजे शेंगतेल, दुसरं नाव घ्यायची गरज नव्हती. पंधरा किलोचा डबा फोडला की वास गल्लीत जायचा. मग रेशनवर पामतेल आलं, 1994 साली पामोलिनची आयात खुली झाली, पाठोपाठ सोयाबीन. महाराष्ट्रात भुईमुगाचं रान सोयाबीनने घेतलं आणि आमच्या दुकानात गुजरातचा जाडा येऊ लागला. एकेकाळी शेंग मुख्यतः घाण्यासाठी पिकायची. आता घराघरांत तळण सोयाबीनच्या तेलात होतं आणि दाणा खाण्यासाठी येतो. डब्यातलं कूट कुणी सोडलं नाही. तेल बदललेलं सासूला उशिरा कळतं, कूट नसलेलं पहिल्या घासाला.

आता चाकणला चक्कर मारलीस तर सकाळी पहिल्या पाळीआधी तळेगाव चौकात पोह्यांच्या गाड्या दिसतील. कढईच्या कडेला तळलेल्या दाण्यांचा ढीग असतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला वरून चिमूटभर जास्त. खोल्यांवर राहणारी मुलं गावाहून चटणीचा डबा आणतात, चौघांत तो आठवडाभर पुरवतात. आणि तिकडे वाकड, पिंपळे सौदागरच्या जिममधली मुलं पीनट बटरच्या बरण्या नेतात. तुझी मामी हसते. दाणे मंद आचेवर भाजायचे, गार झाल्यावर चोळून सुपात पाखडायचे, आणि मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. तो फसलेला गोळा तुमच्या देशात बरणीत भरून विकतात, एवढाच फरक, असं तिचं म्हणणं. शिवाय लाकडी घाण्याची दुकानं पुन्हा निघाली आहेत. डोळ्यांसमोर गाळलेलं शेंगतेल साध्या तेलापेक्षा बरंच महाग, तरी लोक बाटल्या घेऊन येतात. जे डब्याने घ्यायचे तेच आता बाटलीने घेतात.

आता तुझ्या धाकटीविषयी. ताई म्हणाली, चिठ्ठी आल्यापासून तू तिच्यापासूनही दाणे लांब ठेवतेस. लंडनला झालेला एक मोठा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना पहिल्या वर्षातच सुरू करून दाण्याचा पदार्थ नेमाने दिला तर पुढे ॲलर्जीचं प्रमाण खूपच कमी झालं. त्याची कल्पनाही इस्रायलमधल्या मुलांवरून सुचली. तिथे बाळं दाण्याचे कुरकुरे लवकर खातात. म्हणून घाबरून बंद करू नकोस, पण मनानेही सुरू करू नकोस. तुमच्या डॉक्टरांना विचार. आणि अख्खा दाणा लहान पोराच्या हाती कधी द्यायचा नाही, घशात अडकतो.

शाळेच्या डब्यासाठी मामीने सांगितलंय: कोशिंबिरीत भाजलेले तीळ कुटून घाल, पण त्या चिठ्ठीत तिळाचं नाव नाही ना, ते आधी बघ. जावईबापू डिसेंबरात एकटेच येणार आहेत असं कळलं. त्यांच्या बॅगेत चटणी किती किलो मावेल, ते त्यांना विचारून कळव.

तुझा,
मामा