मांडव्याच्या गाळ्याआधी

पेण

चि. छोटी हिस,


तुझा फोन ठेवल्यापासून जिवाला चैन नाही. ‘आत्या, खाणावळीच्या दारातून गिऱ्हाईक परत पाठवायचं जिवावर येतं गं,’ म्हणालीस आणि त्याच दमात मांडव्याला गाळा बघून आल्याचंही सांगितलंस! वहिनीला, तुझ्या आईला, विचारलंस का? विचारलं नसणारच.

रो-रो बोटीतून मुंबईची माणसं गाडीसकट उतरतात, 2020 पासून मांडव्याचं रूप पालटलं, हे सगळं खरं. पण भाडं बारा महिन्यांचं आणि गिऱ्हाईक शनिवार-रविवारचं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद, जून-जुलैत मासेमारी बंद. तेव्हा ताटं कोणासाठी वाढणार? माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी पुन्हा सांगते. धंद्याचं माप सव्वीस जानेवारीच्या रांगेवरून काढू नये, आषाढातल्या एखाद्या मंगळवारी काढावं. आणि हे खाणावळीपुरतंच नाही. लॉज असो, होमस्टे असो, बोट असो, आपल्या किनाऱ्यावर ज्याने त्याने आधी पावसाळ्याचा हिशेब मांडावा आणि मगच कर्जाच्या कागदाला हात लावावा.

दिवेआगरच्या लेकीला हे मी सांगायला हवं का? 1997 साली सुपारीच्या वाडीत सोन्याचे गणपती सापडले आणि गावात रीघ लागली. घरोघरी जेवणाच्या पाट्या लागल्या, दादाने पडवी वाढवली. मार्च 2012 मध्ये गणपती चोरीला गेले आणि माणसं यायची थांबली. पडवीचे हप्ते काही थांबले नाहीत. वहिनीच्या पाटल्या कुठे गेल्या ते तुला माहीत आहे. पुढे 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने वाडी आडवी केली. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर खायचं काय, हाच घोर. नोव्हेंबर 2021 मध्ये गणपती पुन्हा बसले, तेव्हा कुठे दादाच्या तोंडावर हसू आलं.

आणि हाताचं काय? तुमचं नाव आहे ते मोदकांमुळे. उकड ऊन असतानाच मळावी लागते, निवली की पारीला चिरा जातात. वहिनी ओल्या फडक्याखाली गोळा झाकून एकेक लाटी तोडते, तेलापाण्याचं बोट लावून कड पातळ करते, बुडाला जाड ठेवते. ते हात रोज दिघीहून आगरदांड्याला उतरून, मुरूड-रेवदंडा करत मांडव्याला कोण नेणार? नव्या बाईला चार दिवसांत येणारं काम आहे का ते? वहिनीचं मनगट ठणकतं, रात्री शेक घेते. तुला बोलत नाही, मला सांगते.

वाढू नकोस असं मी म्हणत नाही. वाढ, पण पावसाळा सांभाळून. आमच्या पेणच्या बायका उन्हाळाभर पापड-मिरगुंडं वाळवून डबे भरून ठेवतात आणि पावसात, गणपतीत विकतात. तुमच्या परसात रातांबा आहे, फणस आहे. उन्हाळ्यातच आगळ, आमसुलं, फणसपोळी करून ठेवलीस तर जूनमध्ये पंगत बसली नाही तरी माल मुंबईला जाईल. अशा कामाला केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना 2020 मध्ये सुरू झाली. खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान, तेही बँकेच्या कर्जाला जोडूनच. आता काय स्थिती आहे ते स्वतः बँकेत जाऊन विचार, एजंटाच्या नादी लागू नकोस.

गिऱ्हाईक परत जात असेल तर आदल्या दिवशी फोनवर ताटं नोंदवून घे, दुपारी दोन पंगती कर. जून ते सप्टेंबरचा जमाखर्च वेगळा लिहून मला पाठव, दादालाही दाखव. आणि वहिनीला या आठवड्यात डॉक्टरकडे ने, ती ‘काही नाही’ म्हणेल, ऐकू नकोस.

गाळ्याचा इसार दिलेला नाहीस ना? एवढं तरी आजच कळव.

तुझी,
आत्या