चैत्राची यात्रा, ज्येष्ठांना सोसेल अशी : औसा ते येरमाळा

चैत्र उजाडला की औसा परिसरातील अनेक घरांत एकच विषय निघतो. यंदा येरमाळ्याच्या यात्रेला आजीला न्यायचे की नाही? आजीने वर्षानुवर्षे ही यात्रा चुकवलेली नसते, आणि मुलांना उन्हाची धास्ती असते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. 'न्यायचे की नाही' हा वाद बाजूला ठेवून 'कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि किती वेळ' हे आधी ठरवले, तर बहुतेक घरांत मार्ग निघतो. वाचकहो, त्या दृष्टीनेच ही माहिती देत आहोत.

यात्रेचे दिवस आणि आपला दिवस

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावर येडेश्वरीचे देऊळ आहे. लोकश्रद्धेनुसार ती तुळजाभवानीची धाकटी बहीण. चैत्र पौर्णिमेला मुख्य यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते आणि वाटेतल्या रानात हजारो हात चुनखडीचे खडे वेचू लागतात. पुढे पालखी पाच दिवस आमराईत मुक्कामी असते. कोणी ट्रॉलीखाली, कोणी ताडपत्रीच्या आडोशाला, कोणी झाडाच्या सावलीत बिऱ्हाड मांडते. चुली पेटतात, पुरणावरणाचा नैवेद्य होतो.

हा पाच दिवसांचा मुक्काम ज्येष्ठांच्या सोयीचा आहे. पौर्णिमा आणि चुनखडीचा दिवस हे गर्दीच्या कळसाचे दिवस, ते तरुणांसाठी राहू द्यावेत. वृद्धांना तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, पहाटे आमराईत न्यावे. त्या वेळी डोंगर चढावा लागत नाही, गर्दी ओसरलेली असते आणि पालखीचे दर्शनही घडते.

तिथीबरोबर ऊनही बदलते, हे विसरू नये. चैत्र पौर्णिमा २०१८ मध्ये ३१ मार्चला आली होती, तर २०२१ मध्ये २७ एप्रिलला. एप्रिलच्या उत्तरार्धात आपल्या भागात दुपारचा पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. पौर्णिमा उशिरा येणाऱ्या वर्षी मुक्काम आखडता घ्यावा. एक रात्र पुरे.

सराव औशातच

उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. वर्षभर पंख्याखाली बसलेल्या माणसाला एकाएकी रानात नेणे धोक्याचे. यासाठी औसेकरांना दूर जाण्याची गरज नाही. आपला भुईकोट किल्ला मुद्दाम खोलगट जागी बांधलेला आहे. त्याच्या उंच जागेवरून दूरवरचा शत्रू दिसे, पण किल्ल्याचा बराचसा भाग मात्र शत्रूच्या नजरेआड राही. निघण्याआधी दहा-बारा दिवस, सकाळी ऊन चढण्यापूर्वी, खंदकाच्या बाजूने किंवा घराजवळच्या सपाट रस्त्यावर आजी-आजोबांना सावकाश फिरवून आणावे. पंधरा मिनिटांत धाप लागत असेल, पाय सुजत असतील किंवा भोवळ येत असेल, तर ते घराजवळच कळलेले बरे. अशा वेळी प्रवासाचा बेत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

औषधांची पिशवी

वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते आणि घामही कमी सुटतो. त्यामुळे 'मला तहान नाही' या शब्दांवर विसंबू नये. दर अर्ध्या-पाऊण तासाने चार घोट पाणी हातात द्यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्या उन्हाचा त्रास वाढवू शकतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून उन्हाळ्यापुरती मात्रा बदलायची का, हे विचारावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी दिवसात किती पाणी प्यावे, हेही विचारून घ्यावे.

इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीतली उष्णता ते निकामी करते. फ्रीज नसेल तेथे कुपी कोरड्या पिशवीत बांधून ओल्या मातीच्या माठात, पाण्याचा स्पर्श न होऊ देता ठेवता येते. मधुमेही आजी देवीसाठी उपवास धरत असेल, तर साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. उपवासाच्या दिवशी औषध कसे घ्यायचे, हा प्रश्नही त्याच भेटीत विचारावा.

प्रवास आणि शिदोरी

औशाहून लातूर, मुरूड, ढोकी, येडशी या मार्गाने येरमाळ्यास जाता येते. पहाटे निघावे, म्हणजे ऊन तापण्याआधी आमराई गाठता येते. एस.टी.ने जाणाऱ्यांसाठी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा राज्यांतर्गत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही निम्म्या भाड्याची सवलत आहे. आधारपत्र जवळ असावे.

शिदोरीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असे टिकणारे पदार्थ असावेत. दुपारपर्यंत उरलेले वरण, भाजी किंवा दुधाचा पदार्थ वृद्धांना देऊ नये. ताक आणि कैरीचे पन्हे उत्तम, पण रक्तदाब असलेल्यांच्या ताकात मीठ बेताचे आणि मधुमेहींच्या पन्ह्यात गूळ बेताचा असावा. ओ.आर.एस.ची पुडी एक लिटर शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवावी. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी, असा अंदाज करू नये.

आमराईतला मुक्काम

जागा निवडताना सकाळची सावली पाहू नये, दुपारी दोनला ती कुठे सरकेल ते पाहावे. बिऱ्हाड चुलींपासून दूर, वाहनांच्या वाटेपासून बाजूला आणि शक्यतो स्वच्छतागृहाच्या जवळ असावे. खाली बसून उठणे जड जाते, म्हणून घडीची खुर्ची न्यावी. शौचासाठी खुर्चीचे साधन घरी वापरत असाल, तर तेही बरोबर घ्यावे. रात्री लघवीसाठी उठावे लागू नये म्हणून पुष्कळ वृद्ध दिवसभर पाणीच टाळतात. सोय जवळ असली की पाणी पिण्याचा संकोच उरत नाही. उशाशी बॅटरी ठेवावी.

दगडाळ रानात विंचू असतात. अंथरूण आणि चपला झटकूनच वापराव्यात. विंचू चावल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेवर पोहोचलेला रुग्ण वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली आहे.

स्मरणशक्ती कमी झालेल्या ज्येष्ठांच्या खिशात नाव, गाव, घरच्यांचा फोन क्रमांक आणि चालू औषधांची चिठ्ठी असावी. त्यांना एका क्षणासाठीही 'इथेच बसा' म्हणून सोडून जाऊ नये.

ऊन लागले तर

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. भक्तिभावाने आलेली माणसे भर दुपारपर्यंत उन्हात बसली होती. तेव्हा अकरा ते चार या वेळेत सावली सोडायची नाही, हा नियम कोणाच्याही आग्रहाखातर मोडू नये.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे या पहिल्या खुणा आहेत. असंबद्ध बोलणे, तोल जाणे, अंग भट्टीसारखे तापणे ही उष्माघाताची लक्षणे. घाम येतच असेल, तरी उष्माघात नाही असे समजू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर रुग्णाला सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा. मान, काखा आणि जांघांवर थंड ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

शेवटची गोष्ट

निघण्यापूर्वी आजीला एक प्रश्न अवश्य विचारावा : यात्रेतले नेमके काय हवे आहे? कोणाला पालखीचे दर्शन पुरते, कोणाला आमराईत लेकी-सुनांसोबत चार घास खायचे असतात, कोणाला आपल्या हाताने एक खडा उचलायचा असतो. ते एक ठरले की बाकीचे सोडून देता येते. आणि प्रकृती खरोखर साथ देत नसेल, तर नैवेद्याचे पुरण तिच्याच हातून शिजवून घ्यावे, तो तिच्या नावाने देवीला दाखवावा आणि परतल्यावर यात्रा तिला सविस्तर सांगावी. तिला घरी ठेवणे भाग पडले, तरी यात्रेतून वगळू नये.