मंद आचेवरचं अंडं

अंड्यातलं पांढरं साधारण ६२ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतं आणि बलक ६५ च्या पुढं. पाणी मात्र उकळतं शंभराला, आमच्या जळकोटच्या उंचीवर त्याच्या थोडं आधी. अंड्याच्या पदार्थांत जे काही बिघडतं, ते बहुतेक वेळा या मधल्या अंतरात बिघडतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नशास्त्र शिकले, पुढं गावात बायकांचे स्वयंपाकाचे वर्ग घेतले. तिथं शिकवायची पहिली गोष्ट कायम हीच राहिली. मसाला नंतर, आधी आच.

आमचं जळकोट लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याचं नव्हे. हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. नळदुर्ग ओलांडून हैदराबादकडं निघालं की लागतं. तीस-तीस अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रचलेल्या गाड्या या रस्त्यानं जाताना दिसतात. महाराष्ट्राला स्वतःच्या पोल्ट्रीतली अंडी पुरत नाहीत, त्यामुळं तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटकातून ती रोज आणावी लागतात. पण घरातलं अंडं आजही अनेकांच्या मनात परसातल्या कोंबडीचंच असतं. कोंबडी खुडूक बसली की अंडी बंद, मंगळवारी-शुक्रवारी देवीचा वार म्हणून बंद, श्रावणात बंद. कित्येक घरांत अंड्याचा तवा वेगळा, भगुलं वेगळं आणि चूलही अंगणातली. ज्यांच्या घरात देवघर आणि स्वयंपाकघर एकाच भिंतीला आहे त्यांची ही सोय मी समजू शकते. तिचा एक परिणाम मात्र झाला. अंगणातल्या चुलीवर फुरसतीनं काही शिजत नाही. धडाडत्या जाळावर, पोरं भाकरी घेऊन बसलेली असताना, जे पटकन होतं तेवढंच अंडं आम्हाला माहीत झालं: रस्सा, भुर्जी, पोळी.

तो रस्सा मात्र अस्सल आहे. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजायचं, लसूण-कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटायचं, तेलात परतून काळं तिखट घालायचं, वरून शेंगदाण्याचं कूट. उकडलेली अंडी सोलून घालणं ही पाहुण्यांची पद्धत. घरची पद्धत म्हणजे रस्सा खदखदला की जाळ ओढून घ्यायचा आणि अंडी एकेक करून थेट रश्श्यात फोडून सोडायची. मग झाकण ठेवायचं आणि पळीला हात लावायचा नाही. पाच-सहा मिनिटांत पांढरं बांधलं जातं, बलक मधे मऊ राहतो आणि अंड्याचा थोडा अंश रश्श्यात उतरून त्याला अंग येतं. खदखदत्या रश्श्यात फोडलं तर पांढऱ्याच्या चिंध्या होतात. जाळ ओढून घेण्याची ही सवय आमच्या आज्यांना होती. त्यांना थर्मामीटरची गरज नव्हती, रश्श्यावरचे बुडबुडे किती मोठे आहेत यावरून त्या ओळखत.

उकडलेल्या अंड्याबद्दल दोन गोष्टी. बलकाभोवती जी हिरवट काळी कड येते ती अंडं खराब असल्याची खूण नाही. फार वेळ उकळल्यानं पांढऱ्यातलं गंधक वायू होऊन बाहेर पडतं आणि बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो, त्याचा तो रंग. वशट वासही त्याच गंधकाचा. दहा मिनिटं उकळून लगेच गार पाण्यात टाकलं तर दोन्ही टळतं. दुसरी गोष्ट, आजच घातलेलं गावरान अंडं सोलताना कवचाला पांढरं चिकटून येतं. अंडं आठवडाभर राहिलं की कवचाच्या छिद्रांतून कर्बवायू निघून जातो, आतलं पांढरं जास्त अल्कधर्मी होतं आणि कवच सुटं निघतं. म्हणून उकडायला शिळी अंडी, फोडून करायच्या पदार्थांना ताजी.

भुर्जीला पाणी सुटतं ही वर्गातली नेहमीची तक्रार. कारण पुन्हा आच. अंड्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून जाळी करतात आणि पाणी त्या जाळीत धरून ठेवतात. आच वाढली की जाळी आवळते आणि धरलेलं पाणी बाहेर टाकते. कांदा-टोमॅटो आधी पूर्ण कोरडा परता, मग आच कमी करून अंडी घाला, आणि अजून थोडी ओली दिसते आहे तोवरच तवा उतरवा. उरलेलं काम तव्याची धग करते.

तालमीतल्या पोरांसाठीही इथंच सांगते. कच्ची अंडी दुधात फेटून पिण्याचा रिवाज आमच्या भागात जुना आहे. शिजलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रथिनं शरीर घेतं, कच्च्यातली जेमतेम निम्मी. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून ठेवतं, आणि साल्मोनेलाची भीती वेगळीच. पैलवानांनी अंडी उकडून खावीत, हे मी प्रत्येक वस्तादाला हात जोडून सांगत आले आहे.

आता गोडाकडं येते, कारण हा लेख मी त्याच्यासाठी लिहायला घेतला. अंड्याचं गोड म्हटलं की आमच्या बायका नाक मुरडतात. केक चालतो, कारण तो बेकरीचा. घरात, कढईत, साखर घालून अंडं? पण आमच्याच गावात, आमच्याच गल्लीत ते पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबादेच्या दस्तरखानावरचा अंड्याचा हलवा इथल्या मुसलमान घरांत आजही होतो. ईदला शेजारच्या चाचींकडून शीरखुर्म्याबरोबर तो यायचा. सोनेरी, बारीक दाण्याचा, तुपानं ओलसर, आणि वशट वास तर शोधूनही नाही. हा वास न येणं म्हणजेच त्या बायकांचं कौशल्य. अंडं तापाच्या योग्य टप्प्यावर थांबवलं की गंधक सुटतच नाही. वेलची-केशर त्या कौशल्यावरचा दागिना, वास झाकायचं फडकं नव्हे.

कृती देते, कारण ती नेटकी लिहिलेली मी फार कमी पाहिली. सहा अंडी, पाव किलो खवा, दोनशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम तूप, अर्धी वाटी दूध. खव्याला आपल्याला लांब जायला नको, कुंथलगिरीच्या बाजूचा भाग त्यासाठीच प्रसिद्ध आहे. खवा कोमट दुधात मोडून पूर्ण गार करायचा. अंडी फेस न काढता नुसती मिसळून गाळून घ्यायची. साखर अंड्यात घालून तसंच भांडं बाजूला ठेवायचं नाही. साखर बलकातलं पाणी ओढते आणि कण पडतात ते नंतर कितीही ढवळून मोडत नाहीत. सगळं, तूपसुद्धा, गार असतानाच एकत्र करायचं आणि जाड बुडाच्या कढईत घालून सगळ्यात मंद आचेवर ठेवायचं. उलथणं तळ खरवडत सतत फिरतं हवं.

पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही आणि इथंच घाई होते. साखर आणि दूध मिसळल्यामुळं अंड्याचा घट्ट होण्याचा बिंदू वर सरकलेला असतो, ८० अंशांच्या आसपास. तिथवर सावकाश जाऊ द्यायचं. मग मिश्रण जड होतं, रव्यासारखा दाणा दिसू लागतो. आता आच वाढवली तर गोड भुर्जी होईल. न वाढवता हलवत राहिलं की दाणा बारीक राहतो, कडेनं तूप सुटतं आणि रंग मधासारखा होतो. वेलची, केशर, आणि उतरवायचं. याच मिश्रणाची थाळीत लावून झाकणावर निखारे ठेवून भाजलेली वडीही हैदराबादी घरांत करतात, तिला पियोसी म्हणतात.

वर्गात नाक मुरडणाऱ्या बायकांना मी एकच विचारते: खरवस करता का? सगळ्या करतात. पहिल्या दिवसाच्या चिकात साध्या दुधाच्या तीन-चार पट प्रथिनं असतात. वाफेवर ठेवला की ती प्रथिनं बांधली जातात आणि चीक वडीसारखा घट्ट होतो. दूध-साखरेत फेटलेली अंडी वाफेवर ठेवली की नेमकं हेच घडतं. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, पाऊण वाटी साखर, जायफळ; गाळून डब्यात, डब्यावर फडकं बांधून झाकण, म्हणजे वाफेचं पाणी आत टपकत नाही. कुकरची शिट्टी काढायची, पाणी नुसतं मंद उकळतं ठेवायचं. खरवसाला जेवढा वेळ, तेवढाच याला. ज्या बाईला खरवसाची वाफ कळते तिला अंड्याचं गोड येतंच.

पारशांचं लगन नु कस्टर, गोव्यातली थरावर थर देत वरच्या धगीनं भाजलेली बेबिंक, ही याच घराण्यातली. कस्टर्ड पावडर मात्र नाही. ती १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी काढली, बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. मक्याचं पीठ, रंग आणि सुगंध. चांगली सोय आहे, पण तिच्यात अंडं नसतं आणि अंड्याचं पोषणही नसतं.

पोषणाचा विषय निघालाच आहे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिनं असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, द्यायचं ठरवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. डाळीच्या पातळ वरणावर वाढणारी मुलं मी रोज पाहते. ते अंडं परत सुरू व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

दिवाळीत हलवा करणार असाल तर फराळाच्या डब्यांच्या रांगेत तो ठेवू नका. चकली-शंकरपाळे तळून कोरडे होतात म्हणून टिकतात, हलव्यात ओल असते. बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये तीन-चार. खायच्या आधी कढईत पुन्हा मंद आचेवर नुसता कोमट करा. तूप परत सुटू लागलं की वाढा.