दाजींची लोखंडी पेटी

जवान कितव्या वर्षी निवृत्त होतो, हे एकदा वर्गात विचारून पाहा. मुलं 58 नाहीतर 60 सांगतात. त्यांना निवृत्त होताना फक्त गुरुजीच दिसलेले असतात! माझे दाजी 17 वर्षं सैन्यात नोकरी करून 37व्या वर्षी घरी आले. थोरली आठवीत, धाकटा पाचवीत. मुलांच्या शिक्षणासाठी ताईने लातूरला खोल्या भाड्याने घेतलेल्या.

एका रविवारी ताईचा फोन आला, "ओळखीचे एक गृहस्थ आलेत. निवृत्तीचे पैसे विम्यात टाका म्हणतात. तू ये बरं." मी लोह्याहून एसटीने अहमदपूरमार्गे लातूरला पोचलो. गृहस्थ गेले होते, फॉर्म टेबलावर होता. दरवर्षी एक लाख हप्ता आणि विमा जेमतेम दहा लाखांचा.

मी म्हणालो, "दाजी, उद्या तुम्हाला काही झालं तर दहा लाखांत दोघांचं भागेल का?"

दाजी चिडले. "माझ्या मरणाचं बोलायलाच आलास का रे?"

शेवटी ताईनेच पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. नोकरीत असताना आर्मी ग्रुप इन्शुरन्सची वर्गणी पगारातून कापली जाते. ही योजना 1976 पासून आहे. निवृत्त होताना त्यातला बचतीचा भाग हातात मिळतो आणि त्यातूनच एकरकमी हप्ता कापून पुढचा वाढीव विमा सुरू होतो. तो ठरावीक वयापर्यंतच चालतो आणि मुदतीनंतर काही परत मिळत नाही. दाजींचं ते प्रमाणपत्र पेटीतच होतं. ताईने ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. असं काही आहे हेच जिला माहीत नाही, ती पैसे मागायला जाणार कुठे?

त्याच पेटीत टपाल जीवन विम्याची पॉलिसीही निघाली. तिचा हप्ता पगारातून जायचा. पगार थांबला तसा हप्ताही थांबला होता, आणि हे कुणाच्या ध्यानातच नाही. बरं झालं, फार महिने गेले नव्हते. थकलेले हप्ते पोस्टात भरता आले.

दाजी म्हणाले, "पेन्शन आहे ना." आहे. पण त्यांच्यामागे ताईला मिळेल ते कुटुंब निवृत्तिवेतन. त्याचा सर्वसाधारण दर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. (आपल्यातले 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेले शिक्षक इथे सुस्कारा सोडतील.) म्हणून मुलं कमावती होईपर्यंत साधा मुदत विमा घ्यायचं ठरलं. त्यात जिवंत राहिलो तर काही मिळत नाही, म्हणून तो लोकांना नको वाटतो. पण त्याच हप्त्यात विमा कितीतरी मोठा येतो. शिवाय बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचा. त्यात 50 वर्षांपर्यंत शिरता येतं, संरक्षण 55पर्यंत.

काही अडलं तर नांदेडला काय, लातूरला काय, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. वारसाला कागद भरायला तिथे मदत मिळते.

जेवणं झाल्यावर बँकेचं पासबुक उघडलं. वारस म्हणून दाजींच्या आईचं नाव. भरतीच्या वेळी दिलेलं. मावशी जाऊन चार वर्षं झाली.

दाजी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. मग थोरलीला म्हणाले, "बाळा, तुझी एक कोरी वही दे." पहिल्या पानावर त्यांनी सगळे पॉलिसी क्रमांक लिहिले आणि वही ताईच्या हातात दिली.